सुटलेल्या अकरा पार्ट्या आणि तीनशे रुपये

वाचकाचं पत्र: "बेळगावच्या शहापुरात माझं अकाउंट्स आणि जीएसटीचं लहान ऑफिस आहे. मी बी.कॉम., जीएसटी प्रॅक्टिशनर. हाताखाली दोन मुली आहेत. आज ६० पार्ट्या आहेत, सरासरी फी महिन्याला १,२०० रुपये. गेल्या चौदा महिन्यांत अकरा पार्ट्या सुटल्या. रविवार पेठेतला हार्डवेअरचा जुना व्यापारी गेला, कारण गडहिंग्लजच्या त्याच्या गिऱ्हाइकाने 'तुमचं बिल दिसत नाही' म्हणून कराची रक्कम अडकवली. एका बेकरीवाल्याला यूपीआयवरून नोटीस आली. ती त्याने दुसऱ्या ऑफिसात दाखवली आणि तो तिकडचाच झाला. साडीच्या दुकानाचा कारभार मुलाकडे आला आणि त्याने मित्राला काम दिलं. बाकीचे काही न सांगता गेले. आता गल्लीत नवं ऑफिस झालंय, तिथे माझ्यापेक्षा ३०० रुपये कमी घेतात. वडगावच्या एका यंत्रमागवाल्याने तसं तोंडावर सांगितलं. मी सगळ्यांची फी ३०० ने कमी करू का? शिवाय बऱ्याच पार्ट्यांच्या रजिस्ट्रेशनवर मोबाईल नंबर माझाच आहे. पार्टी सोडून जाताना सगळं तिच्या हाती द्यायचं का?"

उत्तर:

फी कमी करू नका. आधी हिशेब बघा. ६० पार्ट्या आणि १,२०० रुपये म्हणजे महिन्याला ७२,०००. सगळ्यांचे ३०० उतरवले की ५४,०००. ही १८,०००ची खोट ९०० रुपयांच्या दराने भरून काढायची तर आणखी २० पार्ट्या लागतील, आणि त्या २० पार्ट्यांचं काम त्याच दोन मुलींवर पडेल. मग तारखा चुकतील, आणि तारखा चुकल्या की आज टिकून असलेल्याही उठतील.

तुमच्या पत्रात तीन पार्ट्यांची कारणं स्पष्ट आहेत, आणि तिन्हीत फीचा संबंध नाही. हार्डवेअरवाल्याला आपल्या बिलाची अडचण गिऱ्हाइकाकडून कळली. बेकरीवाल्याला नोटिशीचा अर्थ दुसऱ्या ऑफिसातून कळला. साडीवाल्याच्या मुलाला तुमचं काम काय असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पार्टीला तिच्याच धंद्याची बातमी तुमच्याआधी दुसऱ्याकडून कळते, त्या दिवशी ती मनाने सुटलेली असते. ३०० रुपये हे निघताना सांगायचं सोयीचं कारण.

म्हणून पहिलं काम असं करा. त्या अकरा नावांपुढे प्रत्येकाशी झालेले शेवटचे तीन संपर्क लिहा: फोन कुणी केला, कशासाठी केला. 'बिलं पाठवा', 'फी राहिली', 'आज शेवटची तारीख' एवढेच तीन निघाले, तर त्या पार्टीसाठी तुम्ही वसुलीवाले होता. आपल्याकडे पतसंस्थेचा पिग्मीवाला रोज दुकानात येतो, वहीवर आकडा लिहून देतो, आणि दुकानदार वर्षानुवर्षं त्याला सोडत नाही. त्याचं कारण त्या वहीतला आकडा आहे. दुकानदाराला रोज दिसतं की आपलं किती झालं. तुमच्या पार्टीला असा आकडा महिन्यातून किती वेळा दिसतो?

आता हार्डवेअरवाल्याचं बघू. ही चूक तुमच्या यादीत आणखी काही पार्ट्यांच्या बाबतीत आजही चालू असणार.

पाच कोटींच्या आतली उलाढाल म्हणून तुम्ही त्यांना तिमाही योजनेत, क्यूआरएमपीत ठेवलं असेल. कामाला ते सुटसुटीत. पण ५ एप्रिलला गडहिंग्लजला पाठवलेल्या मालाचं बिल तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, १३ जुलैला गेलं, तर समोरच्या व्यापाऱ्याच्या टू-बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या पोर्टलवरच्या यादीत, ते १४ जुलैला उगवतं. तो महिन्याचा रिटर्न भरणारा असेल तर मे आणि जूनमध्ये भरायच्या दोन्ही रिटर्नांत त्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, नाही. दोन लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये. तो ते तुमच्या पार्टीच्या पैशातून कापून ठेवणारच, त्याच्या जागी कुणीही ठेवेल. याला उपाय योजनेतच आहे: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बी-टू-बी, म्हणजे नोंदणीकृत व्यापाऱ्यांना दिलेली, बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीतून चढवता येतात, महिन्याला ५० लाखांपर्यंत. एप्रिलचं बिल १३ मेच्या आत गेलं की १४ मेच्या टू-बी मध्ये दिसतं. १३ तारीख गेली की त्या महिन्याची खिडकी बंद होते, राहिलेलं बिल पुढच्या महिन्याच्या आयएफएफमध्ये किंवा तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्ये टाकावं लागतं. पंधरा-वीस बिलांच्या पार्टीला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

तेव्हा साठही पार्ट्यांची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न सोडवा: हिचं गिऱ्हाईक नोंदणीकृत व्यापारी आहे की चालतं-फिरतं? जिचं गिऱ्हाईक व्यापारी, तिचं आयएफएफ दर महिन्याला गेलंच पाहिजे, नाहीतर तिला महिन्याच्या रिटर्नवर आणा. एप्रिल ते जून तिमाहीसाठी हा बदल १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात करता येतो, पुढच्या तिमाह्यांनाही तसंच. किरकोळ गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या दुकानाला तिमाही योजना बरी. फक्त त्यांचं पहिल्या दोन महिन्यांचं कर भरायचं पीएमटी-०६ चलन २५ तारखेला चुकवू नका.

इथं सीमाभागाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तुमच्यासारख्या ऑफिसची खरी किंमत इथेच ठरते. बेळगावच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, गोवा असं चहूकडचं. जीएसटी नंबरात २९ हा आपला, कर्नाटकाचा कोड, २७ महाराष्ट्राचा, ३० गोव्याचा. घाईत बिल करणारा पोऱ्या सगळ्यांना राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळा होतो. मग समोरच्याला क्रेडिट मिळत नाही आणि फोन तुमच्या पार्टीला येतो. चुकीच्या खात्यात भरलेला कर वाया जात नाही. बरोबर खात्यात पुन्हा भरून आधीच्याचा परतावा मागता येतो, त्यावर व्याज लागत नाही आणि मागणीला दोन वर्षांची मुदत असते. पण तेवढी रक्कम मध्येच अडकते, आणि लहान दुकानदाराला तेच सोसत नाही.

काउंटरवरच्या बिलात आणखी एक खाच आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जो पत्ता लिहाल ते पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ताच. चंदगडचा शेतकरी रविवार पेठेत येऊन पंप विकत घेतो, तिथूनच जीपमध्ये टाकून नेतो, आणि बिलावर 'चंदगड, महाराष्ट्र' लिहिलेलं असतं. ती विक्री आंतरराज्य झाली, आयजीएसटी लागला. नियमित करदात्याचं एवढ्यानेच निभावतं. कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेतल्या, दुकानदाराचं मात्र अवघड होतं, कारण त्याला दुसऱ्या राज्यात माल विकायची परवानगीच नाही. असं एकच बिल पुढे त्याची सगळी योजना धोक्यात आणतं. तुमच्या यादीतले कंपोझिशनवाले काढा, त्यांची मागच्या तीन महिन्यांची बिलबुकं प्रत्यक्ष चाळा. ज्याचं नेहमीचं गिऱ्हाईक सीमेपलीकडचं आहे त्याला कंपोझिशन परवडत नाही, हे त्याला फेब्रुवारीतच सांगा. कंपोझिशनमध्ये यायचं तर अर्ज नवं आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आत करावा लागतो, आणि बाहेर पडायचं तर बिलबुकापासून सगळं बदलावं लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या गोष्टी धड होत नाहीत. नोंदणीच नसलेल्यांनाही हे सांगून ठेवा. ४० लाखांच्या आत असलो तरी चालतं, हा समज करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला लागू नाही. त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते.

ज्यांचं दुकान बेळगावात आणि युनिट सीमेपलीकडे शिनोळीला आहे, त्यांना तर महिन्यातून एकदा समोर बसवाच. एकच मालक, एकच पॅन, तरी २९ आणि २७ ही कायद्याच्या लेखी दोन वेगळी माणसं. उद्यमबागेतून आपल्याच शिनोळीच्या युनिटला माल हलवला तरी आयजीएसटीचं बिल लागतं, आणि मालाची किंमत ५०,००० च्या वर गेली की मालवाहतुकीचं ई-वे बिलही. 'घरचाच माल' म्हणून टेम्पोवाल्याच्या हातात नुसती चिठ्ठी देतात आणि वाटेत गाडी अडते. जॉबवर्कचा माल चलनावर जाऊ शकतो, पण ते चलनही नीट, नंबर घालून केलेलं हवं. उलाढालीची मर्यादा मोजताना दोन्हीकडची विक्री एकत्र धरायची. पगाराच्या कागदातही फरक आहे. महिना १५,००० पगाराचा माणूस बेळगावच्या दुकानात असेल तर व्यवसाय कर शून्य, कारण कर्नाटकात तो २५,००० पासून सुरू होतो. तोच माणूस शिनोळीला कामाला असेल तर महाराष्ट्राच्या नियमाने महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. आणि त्या जागी बाई असेल तर तिला २५,००० पर्यंत माफी. एवढ्या बारकाव्याने बघणारा माणूस गल्लीत ३०० रुपये कमी घेऊन मिळत नाही. पण तुम्ही हे करता, हे पार्टीला कळलं पाहिजे.

ते कळवायचं कसं? दर महिन्याला १७ तारखेच्या आत प्रत्येक पार्टीला मराठीत एक मेसेज. असा:

"मालक, मे महिन्याची विक्री ४,८२,००० रुपये. त्यावर कर ८६,७६०. खरेदीचं क्रेडिट ७१,३०० मिळालं. भरायचे १५,४६०. दोन बिलं अजून दिसत नाहीत, त्यामुळे ९,२०० रुपयांचं क्रेडिट अडकलंय. दोन्ही पुरवठादारांची नावं आणि बिल नंबर खाली दिलेत, त्यांना आजच फोन लावा. पैसे १८ तारखेपर्यंत खात्यात ठेवा, १९ ला रिटर्न भरतो."

यातली सगळ्यात मोलाची ओळ ९,२०० ची. तुमची महिन्याची फी १,२००, आणि तुम्ही त्याला ९,२०० कुठे अडकलेत ते नावानिशी दाखवताय. ही ओळ लिहायची तर १४ तारखेला टू-बी आली की खरेदीची बिलं तिच्याशी ताडून पाहावी लागतात, १५ आणि १६ हे दोन दिवस त्यालाच राखून ठेवावे लागतात. बहुतेक ऑफिसं हे १९ च्या रात्री करतात, म्हणून त्यांच्याकडून पार्टीला एकच वाक्य जातं: 'पंधरा हजार टाका.' कशाचे, हे दुकानदाराला उमगत नाही, आणि न उमगलेला पैसा तो कर समजत नाही, तुमची मागणी समजतो.

१५-१६ मोकळे हवेत तर आधीचे दिवस बांधून घ्या. ५ तारखेपर्यंत बिलं, ८ पर्यंत विक्रीची नोंद. ९ ला विक्रीची यादी पार्टीला दाखवायची: पहिला-शेवटचा बिल नंबर, मधला कुठला नंबर गायब आहे का, बाहेरच्या राज्याची बिलं किती. त्याचा होकार आला की १० ला जीएसटीआर-१. शेवटची तारीख ११ असली तरी ११ धरू नका. हा होकार फोनवर घेऊ नका, लेखी घ्या. जुलै २०२५ पासून थ्री-बी मधला, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमधला, विक्रीवरचा कर जीएसटीआर-१ वरूनच येतो आणि तिथे हाताने बदलता येत नाही. चुकलेलं बिल थ्री-बी भरायच्या आत जीएसटीआर-१ए मधून दुरुस्त करावं लागतं.

टेबलावर एक आवक वही ठेवा. पार्टी, कोणत्या महिन्याची बिलं, किती, कोणत्या तारखेला आली, आणून देणाऱ्याची सही. चाळीस रुपयांची वही आहे, पण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, काही विक्री नसलेल्या रिटर्नला २०. दीड कोटीपर्यंतच्या पार्टीला एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. वर कराच्या रकमेवर १८ टक्के व्याज. रक्कम मोठी नसते, भांडण मोठं होतं, कारण 'मी बिलं वेळेत दिली होती' आणि 'दिली नव्हती' यातलं खरं कुणालाच सिद्ध करता येत नाही. वहीत ६ तारीख असेल आणि रिटर्न २३ ला गेला असेल, तर ते पैसे त्याच दिवशी तुमच्या खिशातून भरा आणि पार्टीला स्वतः फोन करून सांगा: 'चूक आमची, भरून टाकली.' वहीत १९ तारीख असेल तर ती पार्टीची. तेही तितक्याच सरळपणे सांगा. वडगावची मंगाईची जत्रा आणि गणपती या काळात बिलं हमखास उशिरा येतात. त्या महिन्यांत आठवण १ तारखेलाच पाठवा.

आता बेकरीवाला. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा घाबरून अनेकांनी काउंटरवरचे क्यूआर कोड उतरवले. क्यूआर उतरवून जुने व्यवहार पुसले जात नाहीत. दुकानदाराला त्या वेळी हवं असतं ते शांतपणे मांडलेलं गणित. वर्षभरात क्यूआरवर आलेल्या रकमेतून हातउसने परत आलेले, भिशीचे, घरच्या माणसांनी टाकलेले पैसे वेगळे काढायचे, उरेल ती विक्री. त्यात रोखीची विक्री मिळवायची. मग मर्यादा बघायची: फक्त माल विकणाऱ्याला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २०. बेकरीवाल्यांना इथे हमखास फसायला होतं. नुसते पाव-खारी विकणारा ४० लाखांत बसतो; चार टेबलं टाकून चहा-खारी बसून खायला दिली की ती सेवा झाली आणि मर्यादा २० वर आली. फक्त करमाफ माल विकणाऱ्या भाजीवाल्या-दूधवाल्याला नोंदणीच लागत नाही, आकडा कितीही असो. पण नोटिशीला तसं उत्तर द्यावं लागतं, गप्प बसून चालत नाही.

पुढच्यासाठी: नोंदणी नसलेली जी माणसं केवळ आयकरासाठी तुमच्याकडे येतात, त्यांना दुकानाचा क्यूआर आणि घरचा क्यूआर वेगळा करायला लावा, आणि दर तीन महिन्यांनी त्यांचा आकडा मांडा. फक्त माल विकणाऱ्याला ३० लाखांना पहिली सूचना द्या, ३५ ला कागद गोळा करा. मर्यादा ओलांडल्यापासून नोंदणीच्या अर्जाला ३० दिवस मिळतात. याला वेगळी फी घ्यावी न घ्यावी हे तुमचं. मी घेऊ नका म्हणेन, कारण पुढे नोंदणीचं काम तुमच्याकडेच येतं.

नोटिशींसाठी सोमवारची सकाळ बांधा. साठही पार्ट्यांचं पोर्टल उघडून नोटीस आणि ॲडिशनल नोटीस ही दोन्ही पानं बघायची. एका पार्टीला दोन मिनिटं, म्हणजे दोन तास. दोन मुलींत वाटलं तर एकेक तास. मुदती फार कमी असतात. जीएसटीआर-१ आणि थ्री-बी मध्ये फरक पडला की येणाऱ्या डीआरसी-०१बी ला सात दिवस, आणि उत्तर गेलं नाही तर पुढचा जीएसटीआर-१ अडतो. तो अडला की समोरच्यांचं क्रेडिट अडलं, आणि तुमच्या हार्डवेअरवाल्याची कथा पुन्हा सुरू. नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला कामाचे सात दिवस, रिटर्नमधल्या तफावतीच्या एएसएमटी-१० नोटिशीला साधारण ३०. ई-मेल पार्टीने बघितला असेल या भरवशावर राहू नका.

नोटीस आली की पार्टीला तिची पीडीएफ पुढे ढकलू नका. अर्ध्या पानावर मराठीत चार गोष्टी लिहून द्या: काय विचारलंय, जास्तीत जास्त किती पैशांचा प्रश्न आहे, कोणते कागद आणि कधीपर्यंत हवेत, उत्तर कोण देणार. आपल्या भागात याची गरज दुप्पट आहे. पोर्टलची नोटीस इंग्रजीत. महापालिकेचं व्यापार परवान्याचं किंवा व्यवसाय कर खात्याचं पत्र कन्नडात. आपले दुकानदार बाजारात कन्नड छान बोलतात, पण सरकारी कन्नड वाचताना भले भले अडखळतात, आणि तसं कबूल करायला संकोचतात. ते पत्र मग टेबलाच्या खणात पडून राहतं. 'कुठल्याही भाषेतलं सरकारी पत्र आलं की फोटो पाठवा, दुसऱ्या दिवशी मराठीत सांगतो' एवढं एकदा सगळ्यांना कळवा. दोन मुलींपैकी कुणी कन्नड शाळेत शिकलेली नसेल, तर पुढची नेमणूक करताना हे आधी बघा.

साडीच्या दुकानाचं दुखणं वेगळं आहे. तुम्ही वर्षानुवर्षं वडिलांशी बोललात. मुलगा काउंटरवर होता, नंतर लॅपटॉप घेऊन बसला, तेव्हाही तुमचा फोन वडिलांनाच. ज्या-ज्या पार्टीत पुढची पिढी दुकानात उतरली आहे, तिथे महिन्याचा मेसेज दोघांना जाऊ द्या, आणि वर्षातून दोनदा, दिवाळी झाल्यावर आणि फेब्रुवारीत, मुलाबरोबर अर्धा तास दुकानात बसा. ताळेबंद नेऊ नका, तीन गोष्टी न्या. गेल्या वर्षी याच महिन्यापर्यंत विक्री किती होती, यंदा किती. नव्वद दिवसांवरची उधारी कुणाकुणाकडे. आणि आपण कुणाचे पैसे थकवलेत. तिसरी गोष्ट करासाठी महत्त्वाची आहे. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. शिवाय शहापूरचा साडीवाला वडगावच्या उद्यम-नोंदणीकृत यंत्रमागवाल्याकडून माल घेतो, तिथे आयकराचा ४५ दिवसांचा नियम आहे. लेखी करार नसेल तर १५ च दिवस. सूक्ष्म-लघु उत्पादकाची मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला देणं असेल, तर त्या वर्षी तो खर्च धरला जात नाही आणि नफा फुगतो. फेब्रुवारीत सांगितलं तर मुलगा पैसे फिरवून मोकळा होतो. जुलैत सांगितलं तर तो विचारतो, 'हे आधी का नाही सांगितलं?' आणि त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं.

पासवर्ड आणि मोबाईलचं उत्तर एका शब्दात: द्या. सोडून जाताना तर द्याच, पण त्याआधी, याच महिन्यात, सगळ्या रजिस्ट्रेशनवरचे तुमचे नंबर काढून पार्ट्यांचे घाला. ही नॉन-कोअर दुरुस्ती आहे, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, ओटीपीने होते. रोज वीस मिनिटं काढली तर दोन-तीन आठवड्यांत सगळं उरकेल. ओटीपीसाठी पार्टीला फोन करावा लागेल, त्रास होईल, मान्य. पण तुमच्या नंबरावर अडकून राहिलेली पार्टी टिकलेली नसते, कोंडलेली असते, आणि बाहेर पडल्यावर बाजारात काय बोलते ते तुम्ही जाणताच. जाणाऱ्याला आठ दिवसांत टॅलीचा बॅकअप, भरलेले रिटर्न, मूळ बिलं आणि चालू नोटिशींची यादी मुदतीच्या तारखांसह द्या, आणि पोच घ्या. फी बाकी असेल तर ती वेगळी मागा, त्यासाठी कागद अडवू नका. न सांगता गेलेल्यांपैकी कुणाचं काही तुमच्याकडे राहिलं असेल तर तेही पोहोचवा.

काही पार्ट्या जाऊ द्यायलाही हव्यात. खोटी खरेदी बिलं 'बसवायला' सांगणारा एक माणूस तुमची बाकीची एकोणसाठ नावं धोक्यात घालतो. त्याला आजच नाही म्हणा. दर महिन्याला १९ च्या रात्री पिशवी आणून देणाऱ्याला दोन महिने संधी द्या, मग फी वाढवा किंवा नमस्कार करा.

फीची रचना बदलायची असेल तर उलाढालीवर नको, बिलांच्या संख्येवर करा. तीन महिने प्रत्येक पार्टीला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा, म्हणजे कळेल की १,२०० मध्ये एकाचं काम दोन तासांचं आहे आणि दुसऱ्याचं अकरा तासांचं. दोन तासवाल्याची फी तुम्ही स्वतःहून थोडी कमी केलीत तरी चालेल, अकरा तासवाल्याची वाढलीच पाहिजे. आणि फी महिन्याच्या महिन्याला घ्या. पिग्मी भरायची सवय असलेल्या दुकानदाराला महिन्याचे १,२०० जड जात नाहीत. मार्चला एकदम १४,४०० मागितले की तो दुसरं ऑफिस शोधायला लागतो.

राहिला वडगावचा यंत्रमागवाला, ज्याने ३०० चं तोंडावर सांगितलं. जो तोंडावर सांगतो तो अजून गेलेला नाही. त्याच्याकडे फोनवर नको, प्रत्यक्ष जा. जाताना त्याच्या मागच्या सहा महिन्यांचं टू-बी ताडलेलं कागदावर न्या, आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी कुणाकुणाकडे त्याचे पैसे ४५ दिवसांवर थकलेत त्याची यादी. मग एवढंच बोला: "अण्णा, फी तीच राहील. तुमचं इतकं क्रेडिट या दोन पुरवठादारांकडे अडकलंय, ते सुटेपर्यंत मी मागे लागतो. आणि हे तीन व्यापारी तुमचे पैसे मार्चच्या आत देतील, कारण नाही दिले तर त्यांचाच कर वाढतो. हा नियम त्यांना दाखवायचा कागद मी आणलाय."